दोन गाठींची वायर

माझा धंदा दात काढायचा. त्यामुळे अरुंद जागेत हात घालून अडकलेली वस्तू बाहेर काढणं आपल्याला जमतं, असा माझा गोड गैरसमज होता. रविवारी सकाळी गाडीतला रेडिओ काढायला बसलो आणि दुपारपर्यंत तो गैरसमज पुरता दूर झाला.

गाडी बाबांची. तीस वर्षं त्यांनी ती टॅक्सी म्हणून चालवली. दोन वर्षांपूर्वी नजर गेली, तेव्हा किल्ली स्वतःच माझ्या हातात ठेवली. पण रोज संध्याकाळी साडेपाचला ते खाली येत, ड्रायव्हरच्या सीटवर बसत आणि रेडिओवर बातम्या ऐकत. दिवसातला तेवढा एकच तास ते कुणाचा हात न धरता काढत. बुधवारी रेडिओ बंद पडला आणि बाबा खोलीतून बाहेर येईनासे झाले. ताटही अर्धं परत येऊ लागलं. माझा जीव कासावीस झाला, म्हणून मी नवा रेडिओ आणला. मोठ्या काचेचा, बोट लावलं की चालणारा.

"आधी वायर बघ," बाबा म्हणाले.

"बाबा, तो म्हातारा झालाय."

"वायर बघ म्हणतोय ना."

ह्यांचं आपलं प्रत्येक गोष्टीत वायर! मी कानाडोळा केला.

रेडिओभोवतीची चौकट निघाली, पण तिचा एक कान तुटला. चार स्क्रू निघाले, पाचवा सीटखाली गडप झाला. बोटं सोलली. शेवटी गदागदा हलवून रेडिओ उपटला, तर मागे वायरींचं जंजाळ, आणि सगळ्या एकजात काळ्या! बाबांनी कधीकाळी काळ्या वायरीचं अख्खं बंडल आणलं होतं आणि तेच पुरवून पुरवून वापरलं होतं. वर प्रत्येकीला गाठी. एकीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन. काय हा गबाळेपणा, म्हणत मी सगळ्या गाठी छाटून टाकल्या.

मग माहितीपुस्तिका उघडली. लाल वायर इथे, पिवळी तिथे. माझ्यापुढे सात काळ्या. पहिल्या जोडणीला ठिणगी उडाली, दुसरीला फ्यूज. मी वैतागून स्टिअरिंगवर डोकं टेकलं, तर हॉर्न वाजला.

"झालं का?" बायकोने गॅलरीतून विचारलं.

"होतंय!"

"सकाळपासून होतंयच!"

हॉर्न ऐकून बाबा कठडा धरत खाली आले. शेजारच्या सीटवर बसले, आत हात घातला आणि थबकले.

"गाठी कुठे गेल्या?"

"कापल्या. घाण दिसत होत्या."

"तिथे डोळे असलेल्याला तरी काय दिसतं? डोकं आत जात नाही, हातच जातो. एक गाठ स्पीकरची, दोन बॅटरीच्या. हाताने ओळखायच्या त्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते एकेक वायर ओढून ती कुठून येते ते सांगत गेले, मी जोडत गेलो. फ्यूज बदलला. काच लखलखली, आवाज खणखणीत आला. मी जग जिंकल्याच्या थाटात बाबांकडे पाहिलं.

त्यांनी हात पुढे केला. बोटं गुळगुळीत काचेवर इकडून तिकडे काहीतरी शोधत राहिली. आवाज वाढला, स्टेशन बदललं, मग सगळंच गप्प झालं. त्यांनी हात मागे घेऊन मांडीवर ठेवला.

"छान आहे," ते म्हणाले. "आवाज छान आहे."

परक्याच्या घरचा बेचव चहा पिऊन म्हणावं, तसं. मला रडूच आलं.

"बाबा, बुधवारी नेमकं काय झालं होतं?"

"खरखर झाली आणि बंद पडला. दोन गाठींची वायर मागे सैल होते. वर्षातून एकदा घट्ट करावी लागते."

"पेशंटला तरी विचारतोस का रे कुठे दुखतंय," वरून बायको म्हणाली, "की थेट उपटतोस?"

मी निमूटपणे नवा काढला, जुना बसवला, वायर घट्ट केली. जुना खरखरला आणि बोलू लागला. गाठी बाबांनीच पुन्हा मारल्या, चाचपत, एकेक.

साडेपाच वाजत आले होते. ड्रायव्हरच्या बाजूला जायला ते उतरले. मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. बॉनेटवर तळवा टेकत वळसा घातला, सीटवर बसले आणि न चाचपडता बटण फिरवलं.

"काही हवंय का, बाबा?"

"दार लावून घे," ते म्हणाले, "आणि जा आता वर."