चूलबंद आवतण

"चला पाटील, पानं मांडून राहिलेत. सिस्टरबाईकडं जेवायला चला!"

संतरामने ओसरीखालून खणखणीत आवाज दिला. विश्वंभर पाटील गाडीचं दार उघडून उभेच होते.

"संतराम, मला आज कळमनुरीला रजिस्ट्री हाय. कॅनॉलखालचं शेत घेतलं न्हवं का. सिस्टरला सांग, मनाला लावून घेऊ नको म्हणाव."

"सकाळी तर येतो म्हणले होते तुमी."

"सकाळची गोष्ट सकाळी." पाटलांनी दार लावून घेतलं.

डोंगरकड्यात आता लग्नपत्रिका मोबाइलवर येतात. पण संतरामने दारात उभं राहून सांगितल्याशिवाय आवतण मिळालं असं कोणी धरत नसे. सकाळी एकदा सांगायचं, आणि स्वयंपाक झाला की पुन्हा बोलवायला जायचं. बापाकडून आलेलं हे काम म्हातारपणीही त्याने सोडलं नव्हतं. त्याचा आवाज चार गल्ल्या ओलांडून जाई, आणि त्या आवाजाचा त्याला भारी अभिमान होता. आजचं आवतण तर चूलबंद होतं. म्हणजे घरातल्या सगळ्यांनी यायचं, चूल पेटवायचीच नाही.

पुढच्या गल्लीत शिवशंकरने नवा ट्रॅक्टर हारांनी सजवला होता. "काका, ह्याला नरसीला दर्शनाला घेऊन चाललो. आजच मुहूर्त हाय, काय करता?" अनिरुद्ध सरांनी अर्धंच दार उघडलं. त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. "घरात नवी नवरी आहे हो. तिला एकटी सोडून कसं येणार?"

"मंग घेऊनच या की. चूलबंद हाय."

"तिला गर्दी चालत नाही," म्हणत सरांनी दार लोटलं.

त्यानंतर संतराम दारं वाजवत गेला तशी त्याच्या कानांवर कुकरच्या शिट्ट्या येऊ लागल्या. या घरातून, मग त्या घरातून. कुठे फोडणीचा वास, कुठे भाकरी थापल्याचा आवाज. चौकात येऊन तो थांबला. गावाने चूल बंद ठेवलीच नव्हती. सकाळी 'हो' म्हणतानाच घराघरात पीठ मळून ठेवलेलं होतं.

प्रेमा सिस्टर जालन्याकडची. तरुणपणी दवाखान्यात बदली होऊन आली आणि इथलीच झाली. नवरा गेला तरी ती गाव सोडून गेली नाही. गावातलं एकमेव ख्रिस्ती घर तिचं. पावसापाण्यात, चिखलात, कंदील घेऊन ती बाळंतपणाला धावली होती. शिवशंकर तिच्याच हातावर जन्मला होता. तिच्या हातातून बाळ घ्यायला गावाची कधी हरकत नव्हती. घास घ्यायची वेळ आली की मात्र लोकांना कामं आठवत. तिलाही हे ठाऊक होतं. म्हणून तर तिने जेवण साधं शाकाहारी ठेवलं होतं, आणि आपल्या हातचं कुणाला नको असेल म्हणून आचारी हिंगोलीहून आणला होता, हिरासिंग. लेकीचं, प्रतिक्षाचं, लग्न जालन्याच्या चर्चमध्ये लागलं होतं. आज गावजेवण होतं.

मांडवात पट्ट्या अंथरलेल्या होत्या. बुंदीच्या पराती झाकलेल्या होत्या. नवरा-नवरी दोन खुर्च्यांवर अवघडून बसले होते. माणूस एक नव्हता.

संतरामने मान खाली घालून सगळं सांगितलं. पाटलाचं शेत, शिवशंकरचा ट्रॅक्टर, सरांची नवरी. सिस्टरचा चेहरा आधी उतरला. आणि मग ती एकदम हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

"काहून हसता बाई?" संतराम घाबरलाच.

"दादा, आमच्या येशूनं एक गोष्ट सांगितली हाय. एका माणसानं मोठी मेजवानी केली आन बोलवायला चाकर धाडला. एक म्हणला मी शेत घेतलं, एक म्हणला बैल घेतले, एक म्हणला माझं लगीन झालं. इतक्या वर्षांत माणसाला नवं कारण सुचलं न्हाई बघा. बैलाचा ट्रॅक्टर झाला तेवढाच काय तो फरक!"

"मंग त्या माणसानं काय केलं?"

"अन्न फेकलं न्हाई त्यानं. चाकराला म्हणला, रस्त्यावर जा. जो भेटंल, लंगडा, आंधळा, गरीब, त्याला घेऊन ये. माझं घर भरलं पाहिजे." तिने डोळे पुसले. आवाज आता अगदी स्वच्छ होता. "जा दादा. तुमचा आवाज मोठा हाय."

संतराम निघाला तो ताठ मानेने. केळीच्या गाड्या भरणाऱ्या हमालांना त्याने हाक दिली. एसटी चुकलेल्या म्हातारा-म्हातारीला दिली. मग शिवारात गेला. तिथे परजिल्ह्यातून आलेली माणसं हळद शिजवत होती. वाफेचे लोट उठत होते. त्यांच्यातली वडीलधारी मोतीबाई त्याचं बोलणं ऐकून बघतच राहिली.

"आमाला? आमाला कोण वळखतंय इथं?"

"वळख लागत न्हाई. लग्नाचं जेवण हाय, चूलबंद."

"आमच्या हाताला हळद, अंगाला धूर. लग्नाच्या घरी असं यावं?"

"लग्नाच्या घरी हळदीचेच हात लागतात बाई."

"आहेर काय द्यावा?"

"काही आणू नका. नुसते या."

मोतीबाई पदर खोचून उठली. मग तिने सगळ्यांना टाकीवर पिटाळलं. माणसं हातपाय घासून आली, बोटांवरची हळद मात्र पुरती निघाली नाही. तिने ट्रंकेतून घडीचं लुगडं काढलं, सुनेला बांगड्या घालायला लावल्या. "पाव्हणं म्हणून चाललो, तर पाव्हण्यावाणी जाऊ," ती म्हणाली. संतराम बाजूला उभा राहून बघत होता. आवतण त्यांना फुकट मिळालं होतं, पण ते त्यांनी फुकट घालवलं नाही.

मांडव भरला. इतका भरला की हिरासिंगने पुन्हा कणीक भिजवायला घेतली. मागच्या बोळातून विश्वंभर पाटलांची सुमनबाई नातीला कडेवर घेऊन आली. "घरी कुणाला सांगितलं न्हाई," असं हळूच म्हणून ती मोतीबाईच्या शेजारी मांडी घालून बसली. पानं वाढून झाली.

संतराम मात्र मांडवाबाहेर कडुलिंबाखाली बसून फडक्याची गाठ सोडत होता.

तरुणपणी एका लग्नात गावभर आवतण देऊन तो पंगतीला बसला होता. पाहुणे जास्त झाले, तेव्हा कोणीतरी त्याला दंडाला धरून उठवलं. "आवतण देणाऱ्याला कशाचं आवतण रं?" त्या दिवसापासून त्याने कुणाच्या पंगतीत पाय ठेवला नाही. गावाला जेवायला बोलवायचं आणि आपण घरची भाकर खायची. हाच त्याचा ताठा, हीच इज्जत.

सिस्टर बाहेर आली.

"उठा दादा. तुमचं पान वाढलंय."

"माझी भाकर हाय संगं, बाई."

"दिवसभर लोकाला काय सांगितलंत? काही आणू नका, नुसते या, व्हय ना? मंग तुमी काहून शिदोरी घेऊन आलात?"

संतरामने फडक्याची गाठ पुन्हा बांधली. "मी बोलवणारा हाय," तो कसाबसा म्हणाला. "पाव्हणा न्हाई."

"गोष्टीतल्या चाकराचं मला लहानपणापासून वाईट वाटतं," सिस्टर म्हणाली. "सगळ्याला त्यानं बोलावलं. तो जेवला का न्हाई, कुणीच सांगितलं न्हाई. माझ्या घरी तसं व्हायचं न्हाई. तुमी बसल्याबिगर पंगत सुरू करणार न्हाई मी."

तो उठला. मांडवाकडे न जाता सरळ घराच्या वाटेला लागला. सिस्टर मांडवात परत आली. तिने पंगतीला हात जोडून थोडं थांबायला सांगितलं. वाढलेल्या पानांसमोर माणसं थांबली. पोरांचे हात बुंदीकडे जात होते, आया ते हळूच मागे घेत होत्या.

घरी संतरामने आंघोळ केली. लेक कोमलने दिवाळीला दिलेलं, अजून न वापरलेलं धोतर नेसला. आरशासमोर उभं राहून गुलाबी फेटा बांधायला घेतला. फेटा दोनदा सुटला. तिसऱ्यांदा तो असा बसला की आरशातला माणूस त्याला ओळखू येईना.

तो मांडवाच्या पुढच्या दाराने आत आला. मोतीबाईच्या लोकांनी सरकून मधोमध जागा केली. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. सिस्टरने डोळे मिटून हलक्या आवाजात प्रार्थना म्हटली. न कळणाऱ्यांनीही हात जोडले. संतरामने पहिला घास घेतला आणि बराच वेळ तो चावतच राहिला.

प्रतिक्षा स्वतः बुंदीची परात घेऊन वाढायला निघाली होती. मोतीबाईच्या पिवळ्या बोटांचे ठसे तिच्या पांढऱ्या साडीच्या पदरावर उमटले होते. मोतीबाईने लेकीसारखी जवळ घेतली होती तिला. ते ठसे तिने पुसले नव्हते. ती संतरामपुढे वाकली.

"अजून वाढू, मामा?"

नको म्हणायला माणूस पानावर आडवा हात धरतो. संतरामने धरला नाही.

"वाढ बाई," तो म्हणाला, तोच खणखणीत आवाज, "पोटभर वाढ."