रिकाम्या हातांच्या घड्या

पन्नास वर्षांत अक्कांना एकंदर त्रेसष्ट मुलं झाली. त्यांतली बासष्ट रंगमंचावर नाहीतर कॅमेऱ्यासमोर, आणि एक खरोखरीची. नायकांच्या आया त्यांनी केल्याच, शिवाय शेजारणी, परिचारिका, दोन सासवा आणि एकदा तुरुंगाची अधिकारीणही केली. पोस्टरवर नाव कधी मोठं आलं नाही. रस्त्यात लोक थांबवून म्हणायचे, "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय. बँकेत होता का तुम्ही?" अक्का म्हणायच्या, "हो, बचत खात्यावर." वाद कोण घालत बसणार?

त्यांची पाठांतराची एक रीत होती. मुलगी लहान होती तेव्हा वेगळं बसून पाठ करायला वेळ कुठला? धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन बसायचं आणि घड्या घालता घालता संवाद म्हणायचे. पहिलं वाक्य टॉवेलला, दुसरं उशीच्या अभ्र्याला, मग पँट, मग शर्ट. सर्वांत अवघड वाक्य शेवटी, मुलीच्या पिवळ्या फ्रॉकला. मुलगी पलंगावर वही धरून समोरच्याचे संवाद वाचायची, तेही चुकीचे. पुढे रीत अंगात इतकी भिनली की हातात काहीतरी काम असल्याशिवाय अक्कांच्या तोंडून वाक्यच फुटेना. समीक्षक लिहायचे, बाईंच्या अभिनयात घरगुती सहजता आहे. सहजता! टोपली नसती तर ती सहजता दाराबाहेरच उभी राहिली असती.

आता मुलगी सत्तेचाळीस वर्षांची झाली होती. फ्रॉक मात्र अजून टोपलीत होता.

गेल्या वर्षी नाटकाच्या दुसऱ्या अंकात अक्का कोऱ्या झाल्या. समोरच्या नटाने दोघांचेही संवाद एकट्याने म्हटले म्हणून निभावलं. निर्माता "कळवतो" म्हणाला, आणि त्याने आजतागायत कळवलं नाही. तेव्हापासून मुलीने एकच धोशा लावला होता: पुरे झालं, आता घरी बस. शेवटी दोघींचा करार झाला. या सिनेमातलं मोठं भाषण नीट पार पडलं तर अक्का काम करत राहणार. नाही पडलं, तर हे शेवटचं. खात्री करायला मुलगी स्वतः रजा काढून सेटवर आली होती, आणि कॅमेऱ्यामागे खुर्ची टाकून परीक्षकासारखी बसली होती.

भाषण होतं वीस वर्षांनी परतलेल्या मुलाशी. दिग्दर्शक अक्कांच्या निम्म्या वयाचा, पण वागायला नम्र. तालमीत घरून आणलेली टोपली मांडीवर घेऊन अक्कांनी भाषण असं म्हटलं की दिवे लावणाराही हातातलं काम सोडून ऐकत राहिला. मुलगी खुर्चीत सरकून बसली.

तेवढ्यात ध्वनिमुद्रकाने कानावरचे हेडफोन काढले. "अक्का, माफ करा. कापडाची खसखस येतेय. माइक जवळ आहे ना."

"तसंही टोपली चौकटीत दिसत नाही," दिग्दर्शक म्हणाला. "चेहराच घेतोय आपण. काढून ठेवू."

टोपली गेली. अक्कांच्या तोंडचं पाणी पळालं, पण सांगणार कुणाला? पन्नास वर्षं काम केलेल्या बाईने, मला टॉवेल द्या हो, नाहीतर बोलता येत नाही, असं म्हणायचं?

पहिला टेक दुसऱ्या वाक्यावर थांबला. दुसरा टेक चौथ्यावर. दिग्दर्शकाने "काही हरकत नाही" असं इतक्या गोड आवाजात म्हटलं की अक्कांना हरकत किती मोठी आहे ते कळलं. चहाची सुट्टी झाली. कोपऱ्यात तो सहायकाला हळूच सांगत होता, "भाषण कापू या. अर्धं मुलाच्या तोंडी देऊ."

ते मायलेकी दोघींनीही ऐकलं. मुलीने आईची शाल उचलली. "चल आई. कापायच्या आत मानाने निघू."

"एकदाच," अक्का म्हणाल्या. "अजून एकदाच करते. मग तू म्हणशील तसं."

अक्का जागेवर जाऊन बसल्या. दिवे लागले. त्यांनी हात मांडीवर घेतले, आणि जे त्यांना केव्हाच सुचायला हवं होतं ते आत्ता सुचलं. नसलेल्या टोपलीतून त्यांनी नसलेला टॉवेल उचलला. मधोमध दुमडला. पहिलं वाक्य आलं. अभ्र्याचे कोपरे जुळवले, दुसरं आलं. पँटची शिवण शिवणीवर ठेवली, शर्टाची कॉलर बसवली. हवेची खसखस होत नाही. ध्वनिमुद्रकही खूश.

मग त्यांनी फ्रॉक उचलला, आणि सगळं पुसलं गेलं.

हात तसेच अधांतरी राहिले. फ्रॉकची उंची बोटांना आठवत होती, वाक्य आठवत नव्हतं. समोरचा नट वाट पाहत होता. अक्कांनी त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं, कारण पाहायला दुसरी जागाच उरली नव्हती.

तिथे मुलगी बसली होती. तिने फक्त मूग गिळून बसायचं होतं. सुंठीवाचून खोकला जाणार होता. पण आईच्या हातात काय आहे ते त्या खोलीत तिला एकटीलाच दिसत होतं. ती उठून उभी राहिली. शाल खाली पडली. तिने दोन्ही हात वर केले आणि हवेतच आधी डावी बाही आत घेतली, मग उजवी. फ्रॉकची घडी अशीच घालायची असते.

अक्कांनी डावी बाही आत घेतली. मग उजवी.

"दार मी कधीच लावलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तूच ढकलून पाहिलं नाहीस."

कट म्हणायला दिग्दर्शकाला जरा वेळ लागला. मग तो धावतच आला. "अक्का, तो मधला विराम! कुठून आणता हो हे?"

"घरून," अक्का म्हणाल्या.

परतताना दोघी गाडीत मागे बसल्या. टोपली मुलीच्या मांडीवर होती. अक्का म्हणाल्या, "गप्प बसली असतीस तर आजच जिंकली असतीस."

"माहीत आहे."

"मग?"

मुलीने फ्रॉक वर काढला. त्याचं एक बटण कधीचं तुटलेलं होतं. तिने तो मांडीवर नीट पसरला, डावी बाही आत घेतली, उजवी घेतली, आणि टोपलीत सर्वांत वर ठेवला.

"उद्याची पानं काढ," ती म्हणाली. "समोरच्याचं मी वाचते. आणि या वेळी चुकणार नाही."