पिंप आत घ्यायचं नाही

माणूस स्वतः भिजतोय आणि छत्री पिंपावर धरतोय, असं कुणी पाहिलंय? वेल्डर सकाळी सातपासून तेच करत होता.

पिंप तेलाचं, जुनं. वेल्डरनंच ते आडवं कापून, बिजागऱ्या लावून, खाली चाकं आणि वर धुराडं बसवून त्याची मांसाला धुरी द्यायची भट्टी केलेली. एका टोकाला कोळसा, दुसऱ्या टोकाला जाळीवर बकऱ्याची अख्खी मांडी, मध्ये पाण्याची परात आणि झाकणावर तापमान दाखवणारा काटा. काटा सात तास एकशे दहा अंशांवर राहिला पाहिजे. कोरड्या दिवशी हे काम म्हणजे खुर्ची टाकून पेंगणं. पावसात मात्र पत्रा गार पडतो, कोळसा सादळतो, धूर पांढरा आणि कडवट येतो, आणि काटा एकदा खाली बसला की उठायचं नाव घेत नाही.

पिंपावर त्यानं चार पाइपांचं एक छप्पर उभं केलं होतं, चारही बाजूंनी उघडं. आडव्या पावसात त्याचा काडीचा उपयोग नव्हता. दहा पावलांवर चांगली कोरडी शेड होती, सरकत्या दाराची. पण पिंप आत घ्यायचं नाही, हा त्याचा सात वर्षांचा नियम होता.

सात वर्षांपूर्वी अशाच पावसात त्यानं पिंप शेडमध्ये घेतलं होतं. काट्यावर लक्ष ठेवायला बायकोला स्टुलावर बसवलं, “दार उघडू नकोस, काटा पडेल,” असं बजावलं, बाहेरून दार ओढून घेतलं आणि कोळसा आणायला गेला. वखारवाल्याकडे चहा झाला, गप्पा झाल्या. दोन तासांनी परत आला तर बायको स्टुलाखाली पडलेली. कोळशाच्या वायूला ना रंग ना वास. तिला कळलंही नसेल. पोलिसांनी विचारलं, दार कुणी लावलं? त्याच्या तोंडून निघून गेलं, “तिनंच लावलं असेल, थंडी वाजत असेल.” एवढंच. उद्या सांगू, परवा सांगू म्हणता म्हणता ते वाक्य पक्कं बसलं. शेडचं दार काढून टाकावं असं त्याच्या हजारदा मनात आलं. पण काढलं असतं तर का काढलं, हे कुणीतरी विचारलं असतं.

मुलगी त्यानंतर घरी आली नव्हती. महिन्या-दोन महिन्यांनी फोन, तब्येत कशी आहे, बरी आहे, झालं. लग्नसुद्धा तिनं तिकडेच उरकलं. तिला संशय आला असणार, असं वेल्डर धरून चालला होता. आज ती पहिल्यांदाच नवऱ्याला घेऊन येत होती. तिला लहानपणापासून धुरीचं मांस जीव की प्राण, म्हणून हा सगळा खटाटोप. मांडी चांगली झाली, तर ती पुन्हा येईल. त्याचं सगळं गणित एवढंच होतं.

गाडी दुपारी बाराला आली. मुलगी उतरली, शेडकडे तिनं एकदा पाहिलं आणि लगेच मान वळवली.

“बाबा, अहो काय हे! चिंब झालात की!”

“मी नाही विरघळत. पण काटा बघ, पंच्याण्णव. मेल्याला सकाळपासून विनवण्या करतोय.”

“आधी आत चला आणि कपडे बदला. आजारी पडलात तर दुखणं काढायला कोण आहे इथं?”

जावई उंच, हसरा, हौशी गडी. त्यानं पुढे होऊन सासऱ्याच्या हातातली छत्रीच काढून घेतली. “जा तुम्ही बाबा, मी बघतो. झाकण उघडायचं नाही, एवढं मला कळतं.”

“वा, जावईबापूंना कामाला लावलं म्हणून लोक माझी शोभा करतील,” वेल्डर म्हणाला. त्याला फार बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांनी घरात कुणी त्याच्यावर रागावत होतं, कुणी छत्री ओढून घेत होतं. तो आत गेला. मुलीनं कपाटातून शर्ट काढून दिला, चहा टाकला. गरम कप हातात आल्यावर पाच मिनिटं बसावंसं वाटलं, आणि पाचाची पंधरा झाली.

“आईला कधी भेटता आलं नाही याची ह्यांना फार चुटपुट आहे,” मुलगी गॅसकडे बघत म्हणाली. “ती हृदयविकारानं गेली, असं मी त्यांना सांगितलंय. तुम्हीही तेच सांगा.”

“हृदयविकार? का?”

तिनं गॅस बंद केला. वेल्डरनं कप खाली ठेवला. म्हणजे जावयाला पिंपाचं काही ठाऊकच नव्हतं. तो खिडकीशी गेला. चार पाइपांवरच्या छपराखाली काहीच नव्हतं. चिखलात चाकांच्या दोन रेघा शेडपर्यंत गेल्या होत्या आणि शेडचं दार लावलेलं होतं.

साठीचा माणूस अनवाणी असा धावू शकतो, हे त्यालाही माहीत नव्हतं. त्यानं दार सरकवलं. जावई स्टुलावर, त्याच स्टुलावर, डोकं दोन्ही हातांत धरून बसला होता. काटा एकशे पंधरावर होता.

“जमलं बघा बाबा,” तो जड जिभेनं म्हणाला. “पाऊस आत येत होता, म्हणून दार... डोकं मात्र जाम दुखतंय.”

“बाहेर हो! ऊठ, बाहेर हो आधी!” बापू नाही, अहो नाही, काही नाही. वेल्डरनं त्याचं बखोट धरलं आणि फरफटत पावसात आणलं. जावई गुडघ्यांवर बसून ओकला. मागून धावत आलेल्या मुलीनं त्याला धरलं.

“दार का लावलंस? दार लावायचं नसतं!” वेल्डर ओरडत होता, पण आता तो जावयाकडे बघतही नव्हता. “मी लावलं होतं ना! मीच लावलं, तिला उघडू नको म्हणालो आणि चहा पीत बसलो!”

बोलून झाल्यावर त्याला ते ऐकू आलं.

मुलगी नवऱ्याचा चेहरा पुसत होती. तिचा हात थांबला. “तुम्ही लावलंत?”

“हो.”

“आईनं नाही?”

“तिला मी बसवलं होतं. ती माझं ऐकून बसली.”

मुलगी रागावेल, ओरडेल, याची त्यानं सात वर्षं तयारी केली होती. ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, “आदल्या रात्री मी तिच्याशी फोनवर भांडले होते. पुन्हा तुझं तोंड बघणार नाही म्हणाले होते. तिनं मावशीला रडत सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी तिनं दार लावून घेतलं, असं तुम्ही सांगितलंत.”

वेल्डरला काही क्षण समजलंच नाही. मग समजलं. मुलीला त्याचा संशय कधीच आला नव्हता. आपल्या भांडणापायी आईनं जीव दिला असं धरून, स्वतःला तिची मारेकरी समजून ती इतकी वर्षं या घराला घाबरत होती.

“बाळ, मला हे...”

“मावशी त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही, बाबा.”

तिनं नवऱ्याला उठवून गाडीत बसवलं, काचा खाली केल्या. तो आता नीट श्वास घेत होता. “हॉस्पिटलमध्ये जाऊ या हं, लगेच,” ती त्याला म्हणाली. मग फोन काढून नंबर लावला आणि फोन बापापुढे धरला.

“सांगा.”

“आत्ता?”

“सात वर्षं झाली.”

त्यानं फोन घेतला. पलीकडे बराच वेळ घंटा वाजली. मुलीनं गाडी सुरू केली, पण ती निघाली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. शेडच्या उघड्या दारातून मांस छान शिजल्याचा वास अंगणभर येत होता.

“हॅलो? कोण बोलतंय?” बायकोचाच आवाज वाटावा, असा तिच्या बहिणीचा आवाज होता.

“मी बोलतोय,” वेल्डर म्हणाला. “त्या दिवशी दार मी लावलं होतं.”