डाव्या बाजूचे चाक

मंचरचे प्रितम बोथरा परावलंबन हे एकच पाप मानीत. ठिबक सिंचनाच्या नळ्यांचे त्यांचे दुकान दोन नोकर आणि पत्नी हर्षा मिळून चालवीत असत. तरीही माणसाने आपले काम आपल्या हातांनी करावे, हा सिद्धांत ते दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवीत आणि ऐकवता ऐकवता हर्षाला बिल करायला सांगत.

या सिद्धांताचे मूर्तिमंत रूप म्हणून त्यांनी एका शाळेची जुनी बस विकत घेतली आणि आठ महिने खपून तिचे चालते घर केले. आत पलंग, ओटा, मोरी, पाण्याची टाकी अशी सगळी सोय होती, आणि दाराच्या आतल्या बाजूला सतरा नियमांचा तक्ता होता. त्यातला नववा नियम असा : गाडी जॅकवर असताना आत कोणीही पाऊल ठेवू नये. नियम शहाणपणाचा होता, यात वाद नाही. वाद झाला तो तो नियम करणाऱ्याच्या शहाणपणाबद्दल.

माघातल्या एका दुपारी हे घर डिंभ्यावरून आहुप्याच्या माथ्याकडे निघाले. सोबत हर्षा होती आणि प्रितमशेठच्या आई पानबाई होत्या. पानबाईंचे वर्षीतप हे जैन व्रत चालू होते. एक दिवस निखळ उपवास आणि दुसऱ्या दिवशी दोन वेळा जेवण, असा वर्षभराचा क्रम. ते जेवणही एका जागी बसून, उकळून गार केलेल्या पाण्यासह आणि सूर्य असेपर्यंतच. आज जेवणाचा दिवस होता. पहिले जेवण सकाळी दहाला मंचरात झाले होते; दुसरे पाच वाजता माथ्यावर व्हायचे होते. ते हुकले तर उद्याचा उपवास त्याला लागून येणार आणि परवा सकाळपर्यंत पोटात अन्नाचा कण जाणार नाही. वय चौऱ्याहत्तर. मागच्याच महिन्यात उपवासाच्या दिवशी त्या भोवळ येऊन पडल्या होत्या. आता खाडा होऊ द्यायचा नाही आणि पडायचेही नाही, एवढे दोनच त्यांचे हट्ट होते. मुगाचे वरण, फुलके आणि पाण्याची कळशी हर्षाने गाडीतल्या ओट्यावर झाकून ठेवली होती.

साडेतीन वाजता, डिंभ्याच्या पुढे दोन गावे ओलांडल्यावर, मागचे डावे चाक फुटले.

प्रितमशेठच्या चेहऱ्यावर जे उमटले त्याला दुःख म्हणता येणार नाही. या क्षणासाठी त्यांनी जाड हातमोजे घेतले होते, वीस टनांचा जॅक घेतला होता आणि परदेशातल्या एका टक्कल पडलेल्या गृहस्थाचे चाक बदलण्याचे चलच्चित्र एकवीस वेळा पाहिले होते.

"अर्धा तास," ते म्हणाले. "बाई, तुम्ही त्या हिरड्याखाली बसा."

आईला ते बाई म्हणत. बाई बसल्या.

चलच्चित्रातल्या गृहस्थाच्या आज्ञेनुसार गाडी उचलण्याआधीच नट सैल करायचे होते. प्रितमशेठनी पान्हा लावला आणि जोर केला. नट हलला नाही. पान्ह्याला लोखंडी पाईप जोडून ते त्यावर उभे राहिले, मग नाचले. नट हलला नाही. तेव्हा गाडीच्या भारानेच नट आवळले गेले असावेत, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि गाडी जॅकवर घेतली. जमीन भुसभुशीत होती. जॅक किंचित कलला, गाडीही कलली आणि नववा नियम लागू झाला.

एवढ्यात वरच्या वस्तीवरून गेणभाऊ आणि कोंडाबाई हे जोडपे सरपणाचे भारे घेऊन उतरले. गेणभाऊंनी तरुणपणी अकरा वर्षे भाजीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून काढली होती. त्यांनी भारा टेकवला, आपले नाव आणि ट्रकवरचे दिवस दोन शब्दांत सांगितले, उकिडवे बसून तंबाखू मळली आणि थोडा वेळ पाहून विचारले, "शेठ, फिरवताय कुन्या बाजूनं?"

"हे पाहा पाहुणे," प्रितमशेठ घाम पुसत म्हणाले, "डावीकडे फिरवलं की सुटतं, उजवीकडे फिरवलं की आवळतं. जगात सगळीकडे हेच शास्त्र आहे. इथेही आहे."

"बरं," गेणभाऊ म्हणाले आणि त्यांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली सोडली.

"आवं, सांगा की त्यांला," कोंडाबाई कुजबुजल्या.

"शास्त्र हाय म्हनत्यात. आमी काय सांगनार?"

पावणेपाच झाले. हर्षा पुढे आली. "अहो, गाडी खाली घ्या. डबा तेवढा काढते, मग हवी तितकी उचला."

"उचललेली गाडी खाली घ्यायची? आता कुठे कामाला लय आली आहे."

"बाईंचं जेवण आत आहे."

"सूर्यास्त सहा एकतीसला आहे. मोबाईलमध्ये पाहिलं मी. जवळजवळ पावणेदोन तास आहेत. तू नाहक घाबरवतेस."

सव्वापाचला कडाड असा आवाज झाला आणि पान्ह्यासकट प्रितमशेठ धुळीत बसले. नट हातात आला होता. "निघाला!" ते ओरडले. "बाई, पाहिलंत? निघाला!"

गेणभाऊ उठले. त्यांनी तो नट हातात घेऊन उलटा केला. आत बोल्टचा चकचकीत तुकडा अडकलेला होता.

"शेठ, ह्यो सुटला नाय. तुटला."

हर्षाने नवऱ्याकडे पाहिले नाही. "गेणभाऊ," ती सरळ म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे ना? सांगा."

"वैनी, ह्या जुन्या बशींच्या डाव्या चाकाचं आटं उलटं असत्यात. चाक फिरताना नट ढिला पडू नाय म्हनून. दोन तास झालं, शेठ आवळत्यातच."

"अशक्य," प्रितमशेठ म्हणाले. "एकाच गाडीला दोन प्रकारचे आटे कोण करील? त्या चित्रात असं काही नाही."

"त्या गाडीचं असंल येगळं."

"तत्त्व वेगळं असू शकत नाही. तुम्ही ज्या ट्रकवर होतात तो सदोष असेल."

"अकरा वर्सांत सा ट्रक झालं, शेठ. समदेच सदोष व्हते म्हना की."

कोंडाबाई पदर तोंडाशी नेऊन हसल्या. प्रितमशेठनी या प्रश्नाचा सांगोपांग विचार मांडायला घेतला : कारखान्यांची सोय, एकसूत्रीपणाचे फायदे, भारतीय चालकांचे गैरसमज. हर्षाने मधल्या काळात दुसऱ्या नटाला पान्हा लावला आणि उलट्या दिशेने पाईप दाबला. नट कुरकुरला आणि फिरला. प्रितमशेठ एकसूत्रीपणापाशीच थांबले.

"गेणभाऊ, गाडी खाली घ्या," हर्षा म्हणाली.

गेणभाऊंनी पुढच्या चाकांना दगड लावले आणि जॅकचा स्क्रू नखभर सैल करत गाडी अलगद टेकवली. हर्षा आत शिरली आणि डबा, ताट व कळशी घेऊन खाली उतरली. तेव्हा पावणेसहा झाले होते. पण हिरड्याखालचे ऊन गेले होते. समोरच्या डोंगराने सूर्य पोटात घातला होता आणि सगळी दरी निळसर झाली होती.

पानबाईंनी ताटाकडे पाहिले, मग डोंगराकडे पाहिले. "राहू दे, हर्षा. सूर्य गेला."

"गेला कसा?" प्रितमशेठ धावत आले आणि त्यांनी मोबाईल पुढे धरला. "बाई, हे बघा, सहा एकतीस! अजून पाऊण तास आहे. डोंगरामागे जाणं म्हणजे मावळणं नव्हे. क्षितिज ही निराळी कल्पना आहे. मी तुम्हाला पटवून देतो."

"तुझं घड्याळ खरं असेल. मी दिसणाऱ्या सूर्याला मानते."

"पण पंचांगसुद्धा..."

"पंचांग मंचरात आहे. मी इथे आहे."

प्रितमशेठनी क्षितिजाची व्याख्या सांगितली, मग ती उदाहरणाने स्पष्ट केली, मग उदाहरणाला होऊ शकणारे दोन आक्षेप स्वतःच घेतले आणि खोडून काढले. एवढ्या वेळात चार फुलके सहज झाले असते. पानबाईंनी हात जोडायला घेतले. एकदा हात जोडून व्रत घेतले की मग परवा सकाळच.

"आजी, थांबा," कोंडाबाई मागे वळून वर पाहत म्हणाल्या. "आमच्या खळ्यावर अजून ऊन हाय. त्ये बघा."

खरेच होते. दरी सावलीत बुडाली होती, पण पाठीमागच्या चढावर, वस्तीच्या अंगणापलीकडचे भाताचे खळे पिवळेधमक दिसत होते. सावलीची कड त्याच्या खाली काही हात अंतरावर होती आणि वर सरकत होती.

पानबाई उठल्या. कोंडाबाईंनी एक हात धरला. हर्षाने डबा छातीशी धरला, गेणभाऊंनी ताट आणि कळशी उचलली आणि चौघे पायवाटेने निघाले. पानबाई दोनदा थांबल्या, दोन्ही वेळा सावली त्यांच्या पावलांपर्यंत आली आणि दोन्ही वेळा कोंडाबाई म्हणाल्या, "चला आजी, आपुन तिच्या म्होरं जाऊ. लई आळशी असती ती."

खळ्यात पाय पडला तेव्हा ऊन पानबाईंच्या चेहऱ्यावर आले. त्या डोळे मिचकावत हसल्या.

खालून प्रितमशेठची हाक आली. "बघितलंत? सूर्य आहे! मी तेव्हापासून काय सांगत होतो?"

कोंडाबाईंनी घोंगडे अंथरले, हर्षाने वाढले आणि पानबाई एका जागी बसून जेवल्या. अडीच फुलके झाले. तिसऱ्याचा अर्धा भाग उरला तेव्हा सावली घोंगड्याच्या काठाला लागली. पानबाईंनी तो वरणात बुडवून तोंडात घातला, कणही वाया जाऊ नये म्हणून ताट धुऊन तेही पाणी प्याल्या, कळशीतले पाणी पोटभर घेतले आणि सूर्याची शेवटची रेघ बुडत असताना हात जोडून व्रत घेतले.

खाली प्रितमशेठ एकटेच फुटलेल्या चाकापाशी उभे होते. हर्षाने सैल केलेला नट त्यांनी घट्ट बसवला होता. आता तो पुन्हा कोणत्या बाजूने फिरवायचा, याबद्दल त्यांच्या मनात दोन मते होती. चाक जागचे हलले नव्हते.

"गेणभाऊ!" त्यांनी हाक मारली. "जरा खाली येता का? तेवढं..." पुढचे शब्द वाऱ्यात गेले, किंवा उच्चारलेच गेले नसावेत.

गेणभाऊंनी पानबाईंकडे पाहिले.

"जा बाबा," पानबाई म्हणाल्या. "पण त्याचं बोलून संपल्यावरच चाकाला हात लावा. परवा सकाळपर्यंत मला कसलीच घाई नाही."