सात नंबर, सध्या बंद

कॉलेजच्या गावात पाहण्यासारखं काय काय आहे, हे विचारायला लोक स्टेशनाबाहेरच्या माहिती केंद्रात येत, आणि काउंटरमागची बाई त्यांच्या हातात घडीचा नकाशा ठेवी. 'गावात पाहण्यासारखी नऊ ठिकाणं.' एक नंबर कॉलेजचा घड्याळाचा मनोरा, दोन नंबर वाचनालयाचा गोल जिना, तीन नंबर नदीवरचा पूल, असं करत करत नऊ नंबर जुन्या पुस्तकांची गल्ली. बाई चौदा वर्षं हेच काम करत होती. पोरं तिला नकाशाताई म्हणत, आणि पोरांचं ऐकून सगळं गावच म्हणायला लागलं. समोरच्याचे बूट बघून ती सांगायची, हा पुलापर्यंत चालेल की मनोऱ्यालाच टेकेल. कामाला वाघीण. पण वाघीणही कधीतरी आळसावते, आणि ही गोष्ट तिच्या त्या आळसाची आहे.

नकाशा दर वर्षी नव्याने छापला जाई. त्याआधी नकाशाताईने नऊच्या नऊ ठिकाणी स्वतः पायी जायचं, दार उघडं आहे, पाटी जागेवर आहे, वेळा बरोबर आहेत हे डोळ्यांनी बघायचं आणि कागदावर सही करायची, असा नियम. तीन वर्षांपूर्वी ती अगदी शेवटच्या दिवसापर्यंत चालढकल करत राहिली. सहा ठिकाणं होईतो पायांचे तुकडे पडले. त्यात नवी चप्पल चावत होती. सात नंबरला पोचली तेव्हा भर दुपार झालेली.

सात नंबर म्हणजे जुन्या उपकरणांची खोली. कॉलेजच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँडच्या पलीकडे. शंभर वर्षांपूर्वी मुलांना विज्ञान शिकवायला वापरत ती पितळेची आणि काचेची यंत्रं तिथं मांडून ठेवलेली. दाराला कुलूप होतं आणि कडीत एक चिठ्ठी खोचलेली, 'अर्ध्या तासात येतो.' पायरीवर टेकावं, असं एकदा तिच्या मनात आलं. पण अजून दोन ठिकाणं राहिली होती, चप्पल चावत होती, आणि असल्या चिठ्ठ्या लावणारी माणसं अर्ध्या तासात येतात होय, असं स्वतःशीच म्हणत तिने सातपुढे लिहिलं 'सध्या बंद' आणि खाली सही ठोकली. उद्या फोन करून बघू, असं ठरवलंही होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेसवाला दारात उभा राहिला आणि ते राहिलं ते राहिलंच.

दोन महिन्यांनी त्या खोलीचे राखणदार केंद्रात आले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून उभा जन्म काढलेले, आणि निवृत्त झाल्यावर ती खोली मागून घेऊन बसलेले. गळ्यात दोरीला कायम भिंग लटकवलेलं, म्हणून भिंगकाका.

"ताई, यंदा माणसं आटली हो," ते म्हणाले. "आठवड्याला एखादं येतंय. तुमच्या काही कानावर?"

तेव्हा नकाशाताईला सगळं एकदम आठवलं. पायरी, चिठ्ठी, चप्पल, सही. वीस हजार नकाशे गावभर वाटून झाले होते. खरं सांगायची तीच वेळ होती. ती म्हणाली, "परीक्षांचे दिवस आहेत ना काका. होईल सुरळीत."

काकांचा बिचाऱ्यांचा विश्वास बसला. ते नवा नकाशा मागतील म्हणून तिने काउंटरवरचा गठ्ठा हळूच खाली ओढला. त्यांनी मागितला नाही. त्यांच्याकडे आदल्या वर्षीचे होते, त्यात सात नंबर उघडा होता, आणि आपलं नाव छापलेला कागद पुन्हा पुन्हा कोण तपासतं?

पुढच्या वर्षी ते दोन शब्द काढून टाकले असते तर काम झालं असतं, असं तुम्ही म्हणाल. इथंच तर घोडं पेंड खात होतं. नकाशातला प्रत्येक बदल केंद्राच्या साहेबांना कारणासकट दाखवावा लागे. बंद का होतं, उघडलं कधी, मग गेल्या वर्षी तुम्ही नक्की गेला होतात ना बाई, असं एकातून एक निघालं असतं. तिने झाकली मूठ तशीच ठेवली. त्याच्या पुढच्या वर्षीही ठेवली. चूक एका दुपारची होती, पण गप्प बसणं तीन वर्षांचं झालं, आणि ते तिला आतून खात होतं. पाहुण्यांना ती तोंडी सांगायची, "सात नंबरही बघा हं." पाहुणे नकाशावर बोट ठेवायचे. "अहो, इथं तर बंद लिहिलंय." छापलेल्यापुढे बोललेल्याला कोण विचारतो?

मग कॉलेजचं पत्र आलं. जुन्या उपकरणांच्या खोलीला तीन वर्षांत प्रेक्षक नाहीत, नोंदवही जवळपास कोरी आहे, सबब सोमवारच्या बैठकीत ती रिकामी करून तिथं झेरॉक्सची सोय करण्याचं ठरत आहे, माहिती केंद्राची काही हरकत नसावी.

साहेबांनी पत्र तिच्याकडे सरकवलं. "चला, सुंठीवाचून खोकला गेला. सात नंबर काढून टाका, आठच ठेवा. आणि तुमच्या बढतीचा कागदही याच आठवड्यात वर पाठवतोय."

म्हणजे आता कुणी काही विचारणार नव्हतं. कायमचं मिटलं होतं. नकाशाताईला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची इतकी लाज वाटली की ती आतल्या खोलीत जाऊन गठ्ठे उगाच इकडचे तिकडे करत बसली.

घरी आईच्या नजरेतून काय सुटणार? "तीन दिवस ताटातलं चिवडतेयस," आई म्हणाली. "काय केलंयस?"

काय झालंय, असं नाही विचारलं. काय केलंयस. नकाशाताईने सांगून टाकलं.

"मग जा आणि त्यांना सांग."

"नोकरीवर बेतेल गं."

"तुझ्यावर बेतेल म्हणून घाबरतेस. त्या माणसावर तीन वर्षं बेतलंय ते?" आई म्हणाली आणि ताट उचलून घेऊन गेली.

शुक्रवारी दुपारी नकाशाताई सात नंबरला गेली. सांगायचंच असं ठरवून गेली होती, असं म्हणवत नाही. नुसतं बघून येऊ, असंही एक मन म्हणत होतं. दाराला कुलूप होतं. कडीत तीच चिठ्ठी, आता प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली. 'अर्ध्या तासात येतो.' ती पायरीवर बसली. समोर मनोऱ्याचं घड्याळ दिसत होतं. भिंगकाका हातात रिकामा डबा घेऊन आले तेव्हा बावीस मिनिटं झाली होती. इतकाच वेळ लागायचा त्यांना, घरी जाऊन जेवून यायला.

"ताई, तुम्ही?" काकांचा चेहरा उजळला. "अहो, मीच येणार होतो तुमच्याकडे. या, या."

खोली आरशासारखी होती. दाराला नवा रंग, बारा खुर्च्या ओळीत, प्रत्येक यंत्रापुढे सुवाच्य अक्षरातली पाटी. टेबलावर तिनेच दिलेला चार वर्षांपूर्वीचा नकाशांचा गठ्ठा, वरचा कागद पिवळा पडलेला. काकांनी तिला पहिल्या खुर्चीवर बसवलं.

"सोमवारी बैठक आहे, ठाऊक असेल तुम्हाला. त्याआधी एकदा नीट ऐका. पूर्वी मी पाऊण तास बोलायचो. आता अकरा मिनिटांत बसवलंय. तीन विनोद घातलेत. कंटाळा कुठं येतो, तेवढं स्पष्ट सांगा. तुम्ही रोज माणसं बघता."

आणि ते बोलायला लागले. काचेची चाकं फिरवून ठिणगी काढली, भिंगातून मुंगीचा पाय दाखवला. विनोद वाईट होते. प्रत्येक विनोदानंतर काका थांबून तिच्याकडे बघत, आणि ती हसत होती. तीन वर्षं या माणसाने आपलं बोलणं कापून कापून अकरा मिनिटांवर आणलं होतं, आणि दोष त्यात नव्हताच.

कोपऱ्यात फडक्याखाली काहीतरी झाकलेलं होतं. विषय बदलायला म्हणून तिने विचारलं, "ते नाही दाखवत?"

"ते धाकट्याचं." काकांनी फडकं काढलं. आत काचेची मोठी हंडी, हंडीत टांगलेली विजेवरची छोटी घंटा, खाली हवा काढायचा हातपंप. "घंटा वाजत असते. पंप मारला की हवा कमी होत जाते आणि आवाज बारीक होत होत थांबतो. घंटा हलताना दिसते, ऐकू मात्र येत नाही. मग हवा आत सोडली की पुन्हा वाजायला लागते. मुलं वेडी व्हायची. माझा धाकटा भाऊच ते दाखवायचा."

"मग आता कुठं असतात ते?"

काका फडक्याची घडी घालत राहिले. "मोठ्या बहिणीकडे गेलाय, तिच्या गावी. दोन वर्षं झाली. त्याचं असं आहे ताई, तो बोलताना अडखळतो. लहानपणापासून. माणसं यायची बंद झाली तेव्हा मी सगळं तपासलं. रंग दिला, पाट्या लिहिल्या, माझं बोलणं आवरलं. तरी कुणी येईना. मग मला वाटलं, हेच कारण असणार. मी त्याला म्हटलं, तू बोलायला लागलास की लोक घड्याळ बघतात, तू आता मागे बसत जा. त्याने हंडी झाकली, आणि आठवड्याने बॅग भरली. फोनही घेत नाही माझा."

खोलीचं ओझं घेऊन नकाशाताई आली होती, दोन भावांची ताटातूट तिच्या हिशोबातच नव्हती. आता न सांगता उठणं शक्य नव्हतं.

"काका, ते कारण नव्हतं," ती म्हणाली. "मी कारण आहे." आणि पर्समधून तिने या वर्षीचा नकाशा काढून त्यांच्यापुढे ठेवला.

काकांनी गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. सात नंबर वाचला. परत वाचला. ती पायरीपासून सगळं सांगत गेली, चप्पलसुद्धा सांगितली, आणि परीक्षांचे दिवस आहेत म्हटलं होतं तेही.

"म्हणजे माझं बोलणं कंटाळवाणं नव्हतं," ते शेवटी म्हणाले. क्षणभर त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. मग त्यांची नजर हंडीकडे गेली आणि ते खुर्चीवर बसले. "त्याचंही नव्हतं."

"नव्हतं."

"तीन वर्षं तुम्ही रोज त्या काउंटरला होतात ताई. मी किती वेळा आलो."

"हो." माफ करा म्हणायचीसुद्धा तिला चोरी वाटली. तिने टेबलावरच्या नोंदवहीतला एक कोरा कागद मागून घेतला आणि तिथंच कॉलेजला पत्र लिहिलं, की प्रेक्षक न येण्याचं कारण माझी चुकीची नोंद आहे, मी जागा न पाहता सही केली, तरी खोली बंद करू नये. सही केली आणि त्यांच्यापुढे धरलं.

"मला काय दाखवता? ज्यांना द्यायचं त्यांना द्या," काका म्हणाले.

त्या पत्राचं पुढं काय झालं ते सांगून टाकतो. ते बैठकीत वाचलं गेलं, खोलीला एक वर्ष मिळालं, नकाशाताईची बढती गेली आणि काउंटर तेवढं राहिलं. पण त्या दुपारी काकांना खोलीशी काही देणंघेणं उरलं नव्हतं.

"त्याला फोन करा," ते म्हणाले. "तुमच्या फोनवरून करा, माझा नंबर बघून तो उचलत नाही. सांगा, सगळी चूक तुमची म्हणून. दादाचा काही दोष नाही म्हणावं."

तिने फोन लावला. ती कोण, कुठून बोलतेय, आणि काय करून बसलीय, हे तिने धाकट्या भावाला सगळं सांगितलं. दादांचा दोष नाही, हेही सांगितलं. पलीकडून एकेक शब्द धडपडत आला. "मग मला आता ब... बोलावतंय कोण? तु... तुम्ही, का दादा?"

तिने फोन काकांच्या पुढे केला.

काकांनी तो घेतला. "तुझ्या पंपाचा वायसर सुकलाय रे," ते कसेबसे म्हणाले. "मी हवा काढतो, काढतो, पण घंटा वाजतच राहते. थांबतच नाही." मग त्यांनी नकाशाताईकडे पाठ केली. "ऐक. बंद या ताईंनी लिहिलं होतं. पण तुला मागे बस, हे मी म्हटलं. ते कुणी लिहून दिलं नव्हतं मला. माझं चुकलं."

तिकडून उत्तर यायला वेळ लागत होता. पहिलं अक्षर येई, अडे, पुन्हा येई. फोनमधून ते नकाशाताईलाही ऐकू येत होतं. खिडकीतून मनोऱ्याचं घड्याळ समोर दिसत होतं. दोघांपैकी कुणीही तिकडे बघितलं नाही.