आपत्कालीन वाहन क्रमांक एक

हेडक्लार्कच्या घरापासून पाणीपुरवठा कचेरीपर्यंतचं अंतर सहा किलोमीटर. रस्ता गुळगुळीत डांबरी, वाटेत दोन सिग्नल आणि शाळेसमोर एक गतिरोधक. एवढ्या प्रवासासाठी त्यांनी जी गाडी घेतली होती, ती वाळवंट, दलदल आणि बर्फ अशा तिन्ही ठिकाणी चालते, असं विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. डांबरावर चालते का, हे विचारायचं राहून गेलं.

गाडी अठ्ठावीस वर्षांची, चारी चाकांना जोर देणारी, दिसायला ट्रॅक्टरची थोरली बहीण. टपावर लोखंडी जाळी, जाळीत फावडं, आणि बॉनेटच्या कडेने वर गेलेला एक काळा नळा. नदीतून जाताना इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून तो असतो, असं हेडक्लार्क येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. त्यांच्या रस्त्यावर पाणी वाहायचं ते फक्त पाइप फुटल्यावर, आणि तो पाइप त्यांच्याच खात्याचा असायचा.

गाडीचं नाव त्यांनी वाघीण ठेवलं होतं. बायको तिला नुसतं ‘ते’ म्हणायची.

बायकोचं औषधांचं दुकान कचेरीच्या वाटेवरच होतं आणि नऊच्या ठोक्याला शटर वर जायलाच हवं, हा तिचा बाणा. सकाळी हेडक्लार्क गाडीत बसत, सेल्फ मारत, थांबत, मग दार उघडून जोरात आपटत आणि पुन्हा सेल्फ मारत. दाराचा आणि इंजिनाचा संबंध काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण दार आपटल्याशिवाय वाघीण सुरू होत नसे. आपटल्यावरही होईलच असं नाही.

“मी पुढे होते,” बायको पर्स खांद्याला लावत म्हणायची.

“अगं, होतेय सुरू. खोकली बघ आत्ता!”

“खोकणाऱ्यांना मी दुकानात औषध देते. तुम्ही या सावकाश.”

मग फोन जायचा वस्तादला. वस्तादचं गॅरेज कोपऱ्यावर होतं आणि अर्धं गॅरेज वाघिणीच्याच अवयवांनी भरलं होतं. तो यायचा, बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरायचा आणि हात पुसत निदान सांगायचा, “साहेब, गाडी एकदम ठणठणीत आहे. फक्त चालत नाही.”

शहाण्या माणसाने ती कधीच विकून टाकली असती. पण हेडक्लार्कचं दुखणं वेगळं होतं. वीस वर्षं ते वेळेवर कचेरीत येत होते आणि वीस वर्षांत त्यांच्याकडे कुणी मान वर करून पाहिलं नव्हतं. वाघीण आल्यापासून ते पावणेअकराला, काळ्याकुट्ट हातांनी आत शिरत आणि सगळी कचेरी खुर्च्या ओढून गोळा होई. “आज काय झालं?” मग ते सांगत. पट्टा तुटला, रेडिएटर उकळला, गियरचा दांडा मुळापासून हातात आला. लोक पोट धरून हसत. हसू कुणाचं होतंय ते त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण हसणाऱ्यांच्या मधोमध खुर्ची त्यांची असे.

त्या साली चार दिवस सलग पाऊस झाला आणि टेकडीवरच्या मोठ्या टाकीकडे जाणारा रस्ता दरडीखाली गेला. टाकीचा व्हॉल्व्ह बंद पडलेला, अर्ध्या शहराचे नळ कोरडे. मुख्य अभियंता मॅडमनी तातडीची बैठक बोलावली.

“खात्याच्या गाड्या चिखलात रुततील,” त्या म्हणाल्या. “चिखलात जाणारी गाडी कुणाकडे आहे?”

बावीस माना एकदम वळल्या. हेडक्लार्क खुर्चीतून उठून उभे राहिले.

“आहे, मॅडम.”

कचेरीच्या खिडक्यांना माणसं लटकली. मॅडम पुढच्या सीटवर बसल्या. हेडक्लार्कनी डोळे मिटून सेल्फ मारला आणि वाघीण पहिल्याच हाकेला गरजली. धक्का बसला तो त्यांनाच.

आणि मग टेकडीवर जे घडलं, त्याची थट्टा करता येणार नाही. सपाट डांबरावर धापा टाकणारी ती म्हातारी चिखलात शिरली आणि जणू माहेरच्या अंगणात आल्यासारखी चालू लागली. हेडक्लार्कनी छोटा दांडा ओढून चारी चाकं कामाला लावली. गाडी एका बाजूला कलली, घसरली, थबकली, पुन्हा पकड घेऊन वर चढली. मॅडमनी फाइल छातीशी घट्ट धरली होती.

“तुम्ही हे रोज करता?”

“रोज नाही, मॅडम,” हेडक्लार्क म्हणाले.

पाऊण तासाने ते वर पोहोचले. टाकीच्या कठड्यावर कचेरीचा शिपाई पाय हलवत बसला होता. शेजारी त्याची मोपेड. कपड्यांची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती.

“या मॅडम. व्हॉल्व्ह उघडला मी मघाशीच.”

“तुम्ही आलात कुठून?”

“मागून सिमेंटचा रस्ता आहे ना. आमचं घर त्याच बाजूला.”

“मग बैठकीत बोलला का नाहीत?”

“शिपायाला बैठकीत घेत नाहीत, मॅडम.”

मॅडमनी फाइल काखेत मारली. परत सिमेंटच्या रस्त्याने जाऊ, एवढंच म्हणाल्या. पण पायाखाली सपाट, कठीण सिमेंट लागताच वाघिणीने मान टाकली. हेडक्लार्कनी अकरा वेळा दार आपटलं. बाराव्या वेळेपर्यंत मॅडम मोपेडच्या मागच्या सीटवर बसून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं. मोहीम फसली असं लिहिणं खात्याला परवडणारं नव्हतं. म्हणून ‘दुर्गम स्थळी यशस्वीरीत्या पोहोचलेले वाहन तेथेच तैनात ठेवण्यात येत आहे’ असं लिहिलं गेलं. गाडीवर लाल पाटी लागली: आपत्कालीन वाहन क्रमांक एक. क्रमांक दोन नव्हताच.

गाडी परत मिळावी म्हणून हेडक्लार्कनी अर्ज केला. अर्ज चार टेबलं फिरून शेरा मारण्यासाठी हेडक्लार्ककडेच आला. शेऱ्याच्या रकान्यात एकच प्रश्न होता: वाहन चालू स्थितीत आहे काय? ‘होय’ लिहिलं, तर ते खात्याला हवंच. ‘नाही’ लिहिलं, तर इतकी वर्षं आपण काय मिरवत होतो?

ती फाइल पंधरा दिवस पेपरवेटखाली पडून राहिली. ते बायकोबरोबर बसने जात, बरोबर दहाला खुर्चीत बसत आणि सहापर्यंत त्यांच्याशी कुणी बोलत नसे.

“जेवत नाही तुम्ही नीट,” बायको एका संध्याकाळी म्हणाली. “त्याची आठवण येते?”

त्यांनी शेऱ्याचं सांगितलं.

“अहो, मग खरं लिहून टाका. सगळ्या शहराला माहीत आहे. तुमच्याच सहीची वाट बघतायत लोक.”

सकाळी त्यांनी फाइल उघडून लिहिलं, ‘वाहन नादुरुस्त आहे. पूर्वीही होते.’ आणि खाली लफ्फेदार सही ठोकली. मॅडमनी त्याच दिवशी मंजुरी दिली. शेरा वाचून त्या हसल्या म्हणे.

रविवारी वस्ताद आपला ट्रक घेऊन टेकडीवर आला. साखळी जोडली, पाटी काढली. हेडक्लार्क स्टिअरिंगवर बसले. बायको जरा घुटमळली, मग साडी सावरत शेजारी चढून बसली. वरात सिमेंटच्या रस्त्याने हळूहळू उतरू लागली. खाली सगळं शहर पसरलं होतं.

“किती छान दिसतं हो इतक्या उंचावरून,” ती म्हणाली.

“मग! मी काय सांगत होतो?” हेडक्लार्क खुलले.

पुढे उतार वाढला. ट्रकची मागची बाजू जरा जास्तच जवळ दिसू लागली.

“अहो, ब्रेक लावा ना.”

“लावलाय. इंजिन बंद असलं की तो तितकासा लागत नाही.”

“हे आत्ता सांगताय?” तिने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला आणि खिडकीतून डोकं काढून वस्तादला अशी हाक मारली, की टेकडीखालच्या घरांतली माणसं गच्चीवर आली.