घंटेनंतरचा अर्धा तास

मी शाळेची घंटा बोलतेय. घंटा म्हणायचं आपलं सवयीनं. खरं पाहिलं तर मी रुळाचा हातभर तुकडा. मुळशीच्या धरणाचं काम चालू होतं तेव्हा मातीच्या ढकलगाड्या माझ्या अंगावरून जायच्या. काम संपलं, मी गंजत पडले. मग शाळेच्या शिपायानं, नथूनं, लोहाराकडून मला भोक पाडून घेतलं आणि आंब्याच्या फांदीला टांगलं. माझा आवाज गोड आहे असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. पण तो ओढ्यापलीकडं जातो, एवढं खरं.

माझ्या टोल्यांवर गाव चालायचं. बायका तवा चुलीवर ठेवायच्या, चाँदभाई दुकानाची फळी लावायचे. मुलांचं तर विचारूच नका. शेवटचा टोला पडला की हातातलं खाली आणि हात जोडून प्रार्थनेला उभं राहायचं. अक्षर अर्धं राहिलं तरी तसंच. उशीर करणाऱ्याला पट्टी बसायची. एवढी पोरं आपल्या शब्दाबाहेर नाहीत, याचा मला भारी तोरा होता.

अठ्ठावन्न साली सातवीच्या फायनलचं केंद्र आमच्या शाळेत आलं. त्या वर्गात कासार आंबोलीची साळू होती. लहानपणी तिचा उजवा हात चुलीत पोळला होता, बोटं एकमेकांना चिकटलेली. डाव्या हातानं लिहायची. अक्षर सुरेख, पण चाल चढावरच्या बैलगाडीची. फायनल पास झाली तर मास्तरणीच्या ट्रेनिंगला जाता येणार होतं. तिची आई चंद्राबाई भेटेल त्याला सांगायची, "एका हातानं खुरपणी कशी करंल? पन शिकवील की!"

हेडमास्तरांनी वर अर्ज केला. उत्तर आलं, साळूला प्रत्येक पेपराला अर्धा तास जादा. आमच्याकडं हे नवलच होतं. जो तो ते पत्र हातात घेऊन बघून गेला. एक गोष्ट मात्र कुणाच्याच डोक्यात आली नाही.

पहिला पेपर मराठीचा. वेळ संपली, नथूनं मला बडवलं. सगळी पोरं उठली. साळूही उठली. टाक खाली, हात जोडलेले, एक सरळ, एक वाकडा. निबंध अर्धाच.

पुण्याहून आलेल्या साहेबांनी तिचा पेपर उचलला, गठ्ठ्यात घातला, वर लाख लावली. हेडमास्तर धावत आले.

"साहेब, तिला अर्धा तास आहे!"

"मी कुठं नाही म्हणालो? तीच उठली. लागलेली लाख आता मला फोडता येत नाही."

बाहेर चंद्राबाईनं कपाळाला हात लावला. "साळे, उठलीस कशापायी?"

"घंटा झाली न्हवं."

"अगं, ती दुसऱ्यांची घंटा हुती!"

"मला ठावं हाय गं आई. पन पाय आपसूक उठलं."

नथू मान खाली घालून म्हणाला, "सात वरसं म्याच उठीवलं तिला." खरं तर आम्ही दोघांनी.

दुसऱ्या दिवशी गणित होतं. मराठीत कशीबशी निभावली असती. पण गणितात आकड्याखाली आकडा मांडता मांडता तिचा वेळ जायचा. तो अर्धा तास गेला तर ट्रेनिंगही गेलं.

पेपर झाला त्याच दुपारी नथूनं तिला आंब्याखाली बसवलं. "म्या टोला मारनार. तू उठायचं न्हाई."

पहिल्या टोल्याला ती ताडकन उठली. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला अर्धी उठली. मग चंद्राबाईनं मागून खांदे दाबून धरले. पंधराएक वेळा मार खाल्ला मी त्या दुपारी. एवढ्यात चाँदभाई बादली घेऊन पळत आले.

"नथू, आग कुटं लागली रं?"

"आग न्हाई. पोरीला बसायला शिकवतोय."

"बसायला? ही इद्या तर मला जलमापासनं येतीया!" चाँदभाई बादली पालथी घालून तिच्यावरच बसले. पुढचा टोला पडला आणि तेच उठले, फळी लावायला. साळू पहिल्यांदाच हसली. हसली आणि बसून राहिली.

मग गणिताचा दिवस. नथूनं घाबरत घाबरत टोले दिले. पोरं उठली, बाकं करकरली. साळूचे गुडघे हलले, मी बघितलं. पण ती उठली नाही. वर्ग रिकामा झाला. टाक दौतीत बुडायचा, कागदावर यायचा. साहेब घड्याळ हातात धरून बसले होते.

अर्ध्या तासानं तिच्या एकटीसाठी माझे टोले पडले. साळूचा टाक थांबला, पण ती बसलेलीच. साहेबांनी हात पुढं केला. "अगं, ही तुझी घंटा! ऊठ आता." ती जागची हलेना. साहेबांवर तिचा भरवसा नव्हता, माझ्यावर तर नव्हताच. तिनं खिडकीतून नथूकडं बघितलं. नथूनं मान हलवली, तेव्हा कुठं उठली.

ती पास झाली. मराठीत अगदी काठावर, आणि ते काठावरचं माझ्या नावावर.

मी अजून आंब्यालाच लटकते आहे, गावही उठतं-बसतं माझ्याच टोल्यांवर. तोरा मात्र थोडा उतरलाय. एवढंच सांगते, माझा आवाज होऊनही कुणी बसून राहिलं, तर लगेच पट्टी उचलू नका. त्याचं लिहून झालंय का, ते आधी विचारा.